तुझ्या तोंडचा होकार

वोलोमुडे
राखेचा बुधवार, १ मार्च २००६

प्रिय फिना,

तुला आणि तुझ्याबरोबर मळ्यात राबणाऱ्या सगळ्या बायकांना प्रभू सांभाळो.

माझं आधीचं पत्र तू न फोडताच परत पाठवलंस. पाकीट धड होतं, म्हणून त्याच्यावरच कागद चिकटवून हे पाठवतेय. या वेळी पोस्टानं नाही. बेआत्रिस काकू तिच्या मुलाकडे तुमच्या सबाहला निघालीय, तिच्या हाती देते. तिला म्हटलं, फिना वाचेपर्यंत समोरून हलू नकोस. तर म्हणते, "जहाजातून उतरल्यावर दोन दिवस मला जमीनच हलताना दिसते गं, मी आणखी कशाला हलू?"

मला सिल्व्हेस्टरबद्दल लिहायचंय. नाव बघून कागद फाडू नकोस. तो तुझा नवरा आहे म्हणून नाही, मी तुझी बहीण आहे म्हणून वाच.

आईला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी गास्पार मामांनी त्याचे पाय खोड्यात घातले आणि त्याच आठवड्यात तू जहाजात बसलीस. पुढचं तुला कुणी सांगितलं नसेल. तो अजून तिथंच आहे. मामांच्या कोकोच्या बागेमागं, चार बांबूंवर टाकलेल्या झावळ्यांखाली. त्याची आई होती तोवर तीच त्याला खाऊपिऊ घालायची. गेल्या पावसाळ्यात ती वारली. मग कुणीतरी जायला हवं होतं. मी जाते. चर्चमधली सकाळची मिस्सा झाली की मक्याचा भात आणि पाणी घेऊन जाते आणि लगेच परत येते. फार वेळ जात नाही.

आता खरी गोष्ट. मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टर इग्नासियांनी त्याला गोळ्या सुरू केल्यात, नाताळपासून. तो आता ओरडत नाही. अंगावरचे कपडे फाडत नाही. मला 'ताई' म्हणून हाक मारतो. सिस्टर म्हणतात, गोळ्या नीट पोटात गेल्या तर इतर आजारी माणसांसारखा तोही घरात राहू शकेल. गोळ्यांचं मी बघेन. पण पाय मोकळे व्हायला हवेत.

मामांकडे गेले होते. त्यांनी सरळ सांगितलं, "खोड्याची पाचर मी माझ्या बहिणीसाठी ठोकलीय. तिच्या दोन्ही पोरी 'काढ' म्हणतील तेव्हा काढीन. एकीनं म्हणून भागणार नाही."

मी म्हटलंय. तुझं राहिलंय. लिहूनच द्यायला पाहिजे असं नाही. बेआत्रिस काकूच्या तोंडी सांग, ती इथं येऊन चारचौघांत तुझा शब्द सांगेल. आपल्यात तो चालतो, तुला माहीतच आहे. एकच शब्द लागतो.

लगेच उत्तर देऊ नकोस. उपवासाचे दिवस आहेत. थोडं थांबून दे.

तुझी ताई,
कोर्नेलिया


ईस्टरनंतरचा मंगळवार, १८ एप्रिल

प्रिय फिना,

बेआत्रिस काकू यायची आहे अजून, पण तिच्याआधी तुझा निरोप आला. तुमच्या मळ्यातला तो ठेंगणा ड्रायव्हर सुटीवर आलाय, त्यानं चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांसमोर सांगितला. "फिना म्हणते, ताईला सांग, आधी स्वतःच्या हातांचा वास घे. आई ज्यात जळाली त्या रॉकेलचा वास अजून येतोय त्यांना."

घेतला वास. लिंबाचा येतो. त्याला आंघोळ घातल्यावर मी हातांना लिंबू चोळते, साबण मोडून मोडून वापरावा लागतो म्हणून.

तू विचारशील, तुला किळस येत नाही का? येते. खोड्यातला माणूस जिथं बसतो तिथंच सगळं करतो, तुला वेगळं काय सांगू. आधी बाजूची माती खरवडून काढते, वर कोरडी राख पसरते. मग पाणी. केस मी कापून टाकले, उवांना दुसरा इलाज नव्हता. घोटे जिथं लाकडात अडकलेत तिथली जखम मिठाच्या पाण्यानं धुते. त्या वेळी तो माझा कमरेला गुंडाळलेला सारोंग मुठीत धरून ठेवतो आणि दुसरीकडे बघतो. मीही दुसरीकडे बघते आणि जपमाळेचं एक दशक, दहा प्रार्थना, म्हणते. ते संपेपर्यंत धुवून होतं.

मी तुला मागच्या वेळी लिहिलं की कुणीतरी जायला हवं होतं म्हणून गेले. तसं नव्हतं. तो मरायला टेकलाय असं ऐकलं आणि मी बघायला गेले. मरतोय का ते बघायला, फिना. बरोबर ताट होतं, कारण रिकाम्या हातानं गेले असते तर लोकांनी विचारलं असतं. त्यानं ताटाकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "ताई, आई जेवली का?"

मी ताट फेकलं आणि घरी आले. त्या दिवशी मला प्रार्थना जमली नाही. दुसऱ्या दिवशी दुसरं ताट घेऊन गेले. त्यानं पुन्हा तेच विचारलं. तो रोज विचारतो. आई जेवली का कळल्याशिवाय घास तोंडात घेत नाही. मी "जेवली" म्हणते. मग जेवतो.

इथं बाकी सगळं नेहमीसारखं. उपवासकाळात शुक्रवारी क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेनंतर फराळ द्यायची माझी पाळी होती. केळीच्या पानात वाफवलेले तांदळाचे मुटके केले, आतून गूळखोबरं. कुणी हात लावला नाही. विधवा मार्सेलिना तेवढी पुटपुटली, "पोट बिघडलंय गं माझं." सगळ्यांचीच एकदम बिघडली होती. परत आणले, तुझ्या भाऊजींना आणि सिल्व्हेस्टरला दोन दिवस पुरले. टाकले काहीच नाहीत.

विहिरीवर बायका माझी कळशी शेवटी भरू देतात. ते बरंच आहे, मागं कुणी घाई करत नाही.

भाऊजी परवा म्हणाले, "त्या खोड्यातल्याला रोज ऊन पाणी. आणि मी शेतावरून येतो तेव्हा चूल थंड. मीही जाऊन बसू का तिथं? दोन भोकं आणखी पाडा म्हणावं." मी हसले. ते हसत नव्हते.

तुझ्या उत्तराची वाट बघते. हातांचं उत्तर मिळालं, आता पाचरीचं दे.

ताई


१० जुलै

फिना,

या वेळी लांबण लावत नाही. त्याचा डावा पाय काळा पडायला लागलाय. अंगठ्यापासून सुरू झालं, आता टाचेपर्यंत आलंय. सिस्टर इग्नासिया म्हणाल्या, मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं, लवकर. खोड्यासकट कसं न्यायचं?

करवत घेऊन मी स्वतःच गेले होते. मामा बागेत कोकोच्या शेंगा काढत होते. त्यांनी माझ्या हातातली करवत बघितली.

"लाकूड कापायला आलीस? अस्सल चिंचेचं आहे. तुझे दात पडतील, करवतीचे सोड."

"मामा, त्याचा पाय सडतोय."

"माझी बहीण पुरती जळाली."

"मी पण तिचीच मुलगी."

"म्हणून तर तुला अडवत नाही. काप. पण मग तो कुणाचा राहिला? दोघींचा शब्द असेल तर मी स्वतः पाचर काढीन आणि गावाला सांगीन, याच्या अंगाला हात लावाल तर तो मला लावलात. तुझ्या एकटीच्या करवतीनं सुटला तर तो कोकरू आहे, कुणीही यावं आणि मानेवर धरावं. आठवडा नाही टिकायचा. तुला तेच हवं असेल तर काप."

मी करवत खाली ठेवली. ते खोटं बोलत नव्हते. आपल्या आत्येभावांना तू ओळखतेस. दारू पोटात गेली की दर वेळी ते आईचं नाव काढतात आणि कोयता शोधतात.

फिना, मला वाद घालता येत नाही. मॅट्रिकपर्यंत शिकले ते पाढे आणि व्याकरण. पण पाणी आणता आणता एक गोष्ट मनात येते ती लिहिते. त्या दिवशी त्याला घरभर साप दिसत होते म्हणून त्यानं रॉकेल ओतलं. पेटल्यावर तो आतच बसून राहिला. आई बाहेर होती. अंगणात, कोंबड्यांपाशी. ती आत गेली. हे तुलाही माहीत आहे, सगळ्यांनी बघितलंय. तिनं त्याला दारातून ढकललं आणि वरचा वासा तिच्यावर आला. तू म्हणतेस, तो बाहेर आला आणि ती नाही आली. खरं आहे. पण तो आपोआप नाही आला गं. आईनं त्याला बाहेर काढलं. आणि आपण त्याला आत घातलं.

त्याला माफ कर असं मी म्हणत नाही. माझं मलाच कळत नाही मी केलंय की नाही. पाय धुताना माफीचा विचार येत नाही, पाणी पुरेल का एवढाच येतो. तुझ्याकडे माफी मागत नाही, फक्त पाचर मागते.

बेआत्रिस काकू पुढच्या जहाजानं निघतेय ना? तिच्याबरोबर सांग.

भाऊजी बरे आहेत. सध्या काही दिवस त्यांच्या भावाकडे राहायला गेलेत, तिथून शेत जवळ पडतं.

ताई


मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण, १५ ऑगस्ट

फिना,

तू हो म्हणालीस.

हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं, म्हणून आधी तेच लिहिते. गेल्या रविवारी मामांच्या ओट्यावर, सगळ्या भावकीसमोर, तू हो म्हणालीस.

काय झालं ते सांगते. बंदरावर मी बेआत्रिस काकूला आणायला गेले होते. तिनं बोचकं खाली ठेवायच्या आधीच सांगितलं, "पोरी, ती नाही म्हणाली. मी तीनदा विचारलं. पहिल्यांदा नाही म्हणाली, दुसऱ्यांदा म्हणाली, मी जिवंत आहे तोवर नाही. तिसऱ्यांदा मला मासा वाढला आणि म्हणाली, काकू, जेव आणि त्याचं नाव काढू नकोस." मग म्हणाली, "मासा चांगला होता. तुझी बहीण बारीक झालीय."

तिचं बोचकं मी डोक्यावर घेतलं आणि आम्ही घरची वाट धरली.

मामांनी सगळ्यांना बोलावलं होतं. ओट्यावर चटई, मध्ये करवंटीत ताडाची दारू, भिंतीला टेकून आत्येभाऊ. मामा म्हणाले, "बेआत्रिस, तू तिकडून आलीस. फिना काय म्हणाली?"

काकूनं तोंड उघडलं. मी तिच्या आधी बोलले. "हो म्हणाली."

मामांनी माझ्याकडे नाही, काकूकडे बघितलं. "बेआत्रिस?"

काकूनं करवंटी उचलली, घोट घेतला, तोंड पुसलं आणि खाली ठेवली. आपल्यात जो दारू पिऊन शब्द नाकारत नाही त्यानं त्या शब्दाची साक्ष दिली असं धरतात. नंतर ती मला म्हणाली, "साठ वर्षांत पहिल्यांदा गप्प बसले, आणि तेही नेमकं पापासाठी."

मीही प्यायले. शपथेवर खोटं बोलून त्या करवंटीतून पिणारा वर्षाच्या आत मरतो असं आजी म्हणायची. माझा त्यावर विश्वास नाही. तरी घोट पुरा घेतला.

मामा उठले, हातोडा घेतला. सगळे मागोमाग. पाचर इतकी फुगली होती की पहिल्या घावांना हललीच नाही. मामा घामाघूम झाले, पण दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. शेवटी निघाली. वरचं लाकूड उचललं तर सिल्व्हेस्टर तसाच बसून. पाय उचलायचे असतात हे पायांना आठवत नव्हतं. मी एकेक करून काढले. मांड्या माझ्या मनगटाएवढ्या झाल्यात. त्याला उचलायला कुणी पुढं आलं नाही. सिस्टर इग्नासियांचा ड्रायव्हर आणि मी, दोघांनी मिळून गाडीत घातलं.

मामांनी तेवढं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आजपासून याला मारणारा मला मारतो." आत्येभाऊ तोंड फिरवून गेले, पण हात न उचलता गेले.

डावा पाय गुडघ्याखाली कापला. डॉक्टर म्हणाले, महिनाभर आधी आणला असता तर पंजावर भागलं असतं. मी हे तुला टोचायला लिहीत नाही. खरं म्हणजे टोचायलाच लिहितेय. राहू दे, खोडत नाही, कागद वाया जाईल.

मी तुझ्या तोंडून बोलले, फिना. तुझा शब्द चोरला. तुला हवा तो राग कर.

कोर्नेलिया


२० ऑक्टोबर

प्रिय फिना,

तू उत्तर दिलं नाहीस, आणि ते बरोबरच आहे. तरी लिहिते, कारण तुला एक तारीख कळवायला हवी.

पण आधी त्याचं. तो आता माझ्या ओसरीवर असतो. हातांवर जोर देऊन सरकतो. बसल्या बसल्या जायफळं सोलतो, बदामासारख्या त्या तेलाच्या बिया फोडतो. काम स्वच्छ करतो. गोळ्या माझ्यासमोर गिळतो आणि जीभ बाहेर काढून दाखवतो, लहान मुलासारखा.

सप्टेंबरात एक दिवस मी ताट ठेवलं आणि त्यानं काही विचारलं नाही. मी थांबले. तो ताटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, घरात साप नव्हते ना?"

मी म्हटलं, "नव्हते."

"एकही नव्हता?"

"नाही."

औषध लागू पडलं, फिना. मी यासाठीच एवढी धडपडले. त्या दिवसापासून तो नीट जेवत नाही. एकदा म्हणाला, "ताई, मला परत मामांकडे नेऊन घाला. तिथं बरं होतं." मी त्याला ओरडले, पहिल्यांदाच. म्हटलं, "आता लाकूडही नाही आणि तुला दोन पायही नाहीत, गुमान भात खा." तो हसला. आणि मग रडला. मी त्याच्या तोंडात घास घातले, एकेक. आईनं केलं असतं तसं नाही, मी चिडूनच घातले. पण खाल्ले त्यानं.

फादर रोबेर्तुस घरी येऊन त्याचं पापनिवेदन ऐकून गेले. दार लावून बराच वेळ. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. त्याला क्षमा मिळाली.

मग मी पापनिवेदनाला गेले. मी सगळं सांगितलं, तुझा होकार, करवंटी. फादर म्हणाले, "कोर्नेलिया, खोटं मागं घे, मग ये. मी तुला मोकळं करीन."

"मागं घेतलं तर ते त्याला मारतील, फादर."

"मला समजतं."

"मग?"

"मग काय सांगू? मी देवाऐवजी बोलू शकत नाही. तुला पश्चात्ताप होतोय का?"

मी म्हटलं, "खोटं बोलल्याचा होतो. पण पुन्हा तसं झालं तर पुन्हा बोलेन." त्यांनी क्षमा दिली नाही. म्हणून मी आता मिस्सेला जाते आणि ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठत नाही. पहिल्या कम्युनियनपासून एकही रविवार चुकला नव्हता, बाळंतपणातला एक सोडून. आता सगळे रांगेत जातात आणि मी गुडघे बाजूला घेऊन त्यांना वाट देते. बायका बघतात. बघू देत.

आता तारीख. तुमच्या मळ्यातला तोच ठेंगणा ड्रायव्हर पुन्हा आला होता आणि मामांच्या ओट्यावर बोलून गेला, "फिना हो म्हणाली? ती तर त्याचं नाव घेणाऱ्याच्या अंगावर धावते." आत्येभावांना एवढंच हवं होतं. आता मामा म्हणतात, फिनालाच विचारतो. ख्रिस्तराजाच्या सणाला, २६ नोव्हेंबरला, मिस्सा झाल्यावर चर्चच्या ऑफिसातून तुमच्या मुकादमाच्या नंबरवर ते फोन करणार आहेत. सगळी भावकी बाहेर उभी असेल. तू नाही म्हणालीस तर मामा त्याच्यावरचा हात काढून घेतील, आणि मला घराण्यातून बाहेर काढतील. मला काढलं तर मी जगेन. तो नाही जगणार.

मी तुला खोटं बोल म्हणत नाही. एकदा तुझ्या तोंडात शब्द घातला, पुन्हा नाही घालणार. तू तुझं खरं ते सांग. मला फक्त तुला अचानक गाठायचं नव्हतं, म्हणून कळवलं.

त्या दिवशी तो मिस्सेला येणार नाही. त्याला घरातच ठेवेन, आणि दाराची कडी आतून लावता येते का ते आज बघून घेतलं.

ताई


२६ डिसेंबर

प्रिय फिना,

तुझ्याकडे मुकादमाचा फोन वाजला तेव्हा इकडे काय झालं ते तुला कुणी सांगणार नाही, म्हणून सांगते.

मामांनी जन्मात फोन हातात धरला नव्हता. फादरनी नंबर फिरवून दिला आणि बाहेर आले. खिडकी उघडी होती. आम्ही सगळे अंगणात. मामांनी तो आधी उलटा धरला, मग सुलटा केला आणि असे ओरडले की सबाहला फोनशिवायच ऐकू गेलं असेल, "फिना! मी मामा!" बाहेर कुणीतरी हसलं. मग ते नुसते ऐकत होते. "हं" म्हणाले. पुन्हा "हं." बराच वेळ ऐकलं त्यांनी. मग फोन खाली ठेवला, जागेवर नाही, टेबलावरच, आणि दारात आले.

मी बेआत्रिस काकूचा हात धरला होता. का काकूनं माझा, ते आठवत नाही.

मामा म्हणाले, "फिना म्हणते, मी हो म्हणाले होते." आणि आत्येभावांकडे बघून, "आणखी काही?"

 सगळे एकेक करून पांगले.

मी मामांच्या मागोमाग गेले. बागेच्या कुंपणापाशी गाठलं. म्हटलं, "मामा, ती खरंच हो म्हणाली?"

ते चालतच राहिले. "नाही म्हणाली."

"मग?"

"मग काय मग! म्हणाली, मामा, मी कधीच हो म्हणणार नाही, आणि रडली. रडतेय ते सांगू का सगळ्यांना?" मग थांबले. "दवाखान्यातून आणला तेव्हा मी त्याचा पाय बघितला. जिथून कापलाय तिथं. ते माझ्या लाकडानं खाल्लं. पुन्हा तो हातोडा उचलायला सांगतेस मला? नाही उचलत आता. म्हातारा झालो."

त्यानंतर ते रोज सकाळी येतात. विहिरीवरून दोन कळश्या पाणी आणतात, आणि ओसरीवर ठेवून जातात. सिल्व्हेस्टरशी बोलत नाहीत. तोही मान वर करत नाही. काल-परवा मी त्याची जखम धूत होते तेव्हा मामा थोडा वेळ थांबले. मी मिठाचं पाणी मागितलं तर त्यांनी हातात दिलं.

नाताळची मिस्सा झाली. मी शेवटच्या बाकावर बसते आता. काकू आधीच तिथं होती, तीही उठत नाही करवंटीच्या दिवसापासून. फादरनी तिला तेच सांगितलं जे मला. थोड्या वेळानं मामा येऊन शेजारी बसले, पांढरा सदरा, नवा सारोंग, नेहमीची पुढची जागा सोडून. सगळं चर्च वळून बघत होतं. काकू पुटपुटली, "या बाकावर गर्दी वाढत चालली, उद्या उशिरा आलं तर उभं राहावं लागेल." मामांनी तिच्याकडे असं बघितलं की मी खाली मान घातली.

ख्रिस्तप्रसादाची वेळ झाली. आमच्या पुढचे सगळे उठले, रांगेनं गेले. आम्ही तिघं बसून. आणि मग दाराकडून आवाज आला. तुझे भाऊजी आले होते. भावाकडून निघून, वाटेत आमच्या ओसरीवर थांबून. त्यांनी सिल्व्हेस्टरला पाठीवर घेतलं होतं, पोत्यासारखं, त्याचे हात यांच्या गळ्याभोवती. माझ्याकडे न बघता मधल्या वाटेनं सरळ गेले. लोक बाजूला झाले, काही अंग चोरून, पण झाले. वेदीपाशी भाऊजी गुडघ्यांवर बसले, त्याला उतरवलं नाही, आणि फादरनी वाकून आधी त्याला दिला.

आमच्या चौघांत त्या दिवशी वेदीपर्यंत जायला मोकळा असा तो एकटाच होता. ज्याला वाचवायला आई आत गेली, तो.

मला आनंद झाला असं लिहिणार होते. झाला नाही. मला भूक लागल्यासारखं झालं, पोटात नाही, आणखी खाली कुठंतरी.  मी मामांकडे बघितलं नाही.

भाऊजी रात्री इथंच जेवले. मुक्काम करतील का विचारलं नाही. अंथरूण घातलं.

फिना, फादर म्हणतात, फिना खरोखर हो म्हणाली तर तुमचं खोटं उरणार नाही, तुम्ही तिघंही मोकळे व्हाल. त्यांनी मला हे तुला लिही असं नाही सांगितलं. मी स्वतः लिहितेय, कारण तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही. पण माझं ऐक. आमच्यासाठी हो म्हणू नकोस. ज्या दिवशी ते तुझ्या पोटातून येईल त्या दिवशी म्हण, नाही आलं तर नको म्हणूस. तुझं 'नाही' खरं आहे, ते तसंच राहू दे. खोटं 'हो' आमच्याकडे आहे, आणखी एक नको.

आम्ही बाकावर बसून राहू.

तुझी ताई,
कोर्नेलिया